क्लेम तपासणारे घरत

घरतसाहेब आमच्या नर्सिंग होममध्ये आले की पहिल्यांदा वॉर्डाबाहेरच्या चपला बघायचे. किती जोड आहेत, बायकांचे किती, पुरुषांचे किती, कुठल्या चपलेचा चिखल अजून ओला आहे आणि कुठल्या चपलेवर दोन दिवसांची धूळ बसली आहे. रजिस्टरमध्ये सात पेशंट आणि बाहेर चारच जोड असं असलं, तरी ते काही बोलायचे नाहीत. माझ्या टेबलासमोरची खुर्ची थोडी तिरकी करायचे, दरवाजा दिसेल अशी, आणि बसायचे. खुर्ची तिरकी झाली की मी हातातलं काम बाजूला ठेवायचे.

मी भाईंदर पश्चिमेच्या एका लहान नर्सिंग होममध्ये इन्शुरन्सच्या टेबलावर बसते. पेशंट दाखल झाला की त्याचं कार्ड घ्यायचं, विमा कंपनीला कागद पाठवायचे, मंजुरी येते का याची वाट बघायची आणि नाही आली तर नातेवाइकांची बोलणी खायची, हे माझं काम. विमा कंपनीला एखाद्या कागदाचा वास आला की ती माणूस पाठवते. प्रत्यक्ष जा, पेशंट बघ, खरं काय ते लिहून दे. आमच्या भागात तो माणूस म्हणजे घरत.

साठीकडे झुकलेले, सडपातळ, उन्हानं रापलेले. कायम पांढरा हाफ शर्ट आणि खाकी रंगाची कापडी पिशवी. मूळचे राई गावचे. घरच्यांची पिढ्यान् पिढ्या मिठागरं होती, असं आमच्याकडे झाडू मारणाऱ्या मावशी सांगायच्या. शहरी माणसांशी बोलताना त्यांची मराठी एकदम सरकारी पत्रासारखी असायची, पण राग आला किंवा घाई झाली की गावची बोली वर यायची. 'नाही'चं 'न्हाय' झालं की समजायचं, साहेबांना काहीतरी सापडलंय.

चहा प्यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. पहिल्या वेळी मी आग्रह केला तर म्हणाले, "ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याच्याविषयी लिहिताना हात थोडा हलका पडतो." मग केसपेपर मागायचे आणि वाचायच्या आधी उलटे धरून डाव्या कोपऱ्यातली पिनांची भोकं मोजायचे. पिना दोन आणि भोकं सहा, म्हणजे मधला कागद कोणीतरी काढलाय किंवा घातलाय. डॉक्टरांना सगळ्यात शेवटी भेटायचे. आधी गेटवरचा वॉचमन, मग झाडू मारणाऱ्या मावशी, मग बाजूच्या बेडवरचा पेशंट. "डॉक्टर शिकलेले असतात," म्हणायचे, "त्यांना काय सांगायचं नाही ते नीट ठाऊक असतं."

आणि कोणी काहीही सांगितलं की मान डोलावून एकच वाक्य. "असं तुम्ही म्हणता."

या वाक्यात राग नसायचा, टोमणाही नसायचा. पेशंट म्हणाला, मला ताप होता. असं तुम्ही म्हणता. डॉक्टर म्हणाले, प्लेटलेट कमी होत्या. असं तुम्ही म्हणता. एकदा मी म्हटलं, बाहेर पाऊस लागलाय साहेब, छत्री घ्या. त्यावरही तेच म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन हात बाहेर काढून बघून आले.

आमची ओळखच वाईट झाली होती. मला कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एक माणूस मोसंबीची पिशवी घेऊन आला आणि अगदी गरीब आवाजात म्हणाला, "चार नंबर बेडवर आमचा भाचा आहे. भेटू का?" मी म्हटलं, जा ना काका. पाच मिनिटांत तो माणूस परत आला, मोसंबी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "भाचा नाही."

"बाथरूमला गेला असेल."

"असं तुम्ही म्हणता. बाथरूम कोरडं आहे. चादरीची घडी मोडलेली नाही. सलाइनची बाटली टांगलेली आहे, पण तिची नळी कोणाच्याच हाताला गेलेली नाही." मग खिशातून कार्ड काढलं.

तो पेशंट डेंग्यूचा म्हणून तीन दिवस दाखल होता आणि त्या क्षणी भाईंदर पूर्वेला स्वतःच्या कपड्यांच्या दुकानात बसला होता. डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेला यायचा, झोपायचा, जायचा. हे सगळं त्या वेळच्या मॅनेजरनं जमवलेलं. घरतांनी माझा दीड तास जबाब घेतला. एकच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी. तुम्हाला हे माहीत होतं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

खरं सांगायचं तर तो बेड रिकामा मी दोनदा बघितला होता. नवीन नोकरी, म्हणून तोंड मिटून बसले होते. हे घरतांना कळलं होतं, याची मला खात्री आहे. पण रिपोर्टात मॅनेजरचं नाव आलं, माझं आलं नाही. मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मला वाटलं, या माणसानं माझं नाव जपून ठेवलंय, पुढे कधीतरी वापरायला. मोसंबी मात्र जाताना ते परत घेऊन गेले.

त्यांची बायको मला एकदा मासळी बाजारात भेटली. आमच्या मावशींनी ओळख करून दिली. मी म्हटलं, साहेब फार कडक आहेत हो. ती हसत म्हणाली, "घरी बी तसंच हाय. मी म्हटलं जेवले, तर मोरीत जाऊन बघतान, माझं ताट धुतलेलं हाय का न्हाय." मग हसणं ओसरलं. "पोरांना न्हाय आवडत. पोरं बोलत न्हाईत त्यांच्याशी जास्त."

लोक सांगायचे की त्यांच्या आजोबांचा अंगठा कोणीतरी भलत्याच कागदावर घेतला आणि मिठागर गेलं, तेव्हापासून हे असं. मी एकदा धीर करून विचारलं. "असं लोक म्हणतात," म्हणाले आणि फाइल उघडली.

त्यांच्या संशयानं माणसं दुखावलीही जायची. एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एक तरुण मुलगी आमच्याकडे दाखल होती. सहावा महिना, वार खाली सरकलेली, रक्तस्राव. हाय-रिस्क केस. क्लेममध्ये काहीतरी तारखा जुळत नव्हत्या म्हणून घरत आले. बेडशेजारी तिची सासू बसली होती, सफरचंद चिरत. घरतांनी केसपेपर बघितला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आधीचे दोन गेले, ते कुठल्या हॉस्पिटलात?"

सासूच्या हातातली सुरी थांबली. "आधीचे? ही पहिलटकरीण आहे."

मुलीनं हळूहळू भिंतीकडे तोंड केलं. ते दोन्ही गर्भ या लग्नाआधीच्या एका संसारातले होते, जो संसार सासरच्यांना सांगितलेलाच नव्हता. मुलगी कंपनीशी खोटं बोलली नव्हती. फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं, डॉक्टरांनाही खरं सांगितलं होतं. लपवलं होतं ते फक्त घरात. क्लेम पास झाला. डिस्चार्जच्या दिवशी तिला न्यायला तिची आई आली, सासरचं कोणी आलं नाही. पुढं काय झालं मला माहीत नाही.

त्या दिवशी घरत माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि खुर्ची तिरकी करायची विसरले. दाराकडे पाठ करून बसून राहिले. चुकलं असं काही म्हणाले नाहीत. पण त्यानंतर कुठल्याही गरोदर बाईशी बोलायच्या आधी ते सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे, नवऱ्यालासुद्धा, आणि मला म्हणायचे, "ताई, तुम्ही थांबा. एक बाईमाणूस पाहिजे."

म्हणूनच मेघना साळवीच्या वेळी मी खोलीत होते.

मेघना सदतीस वर्षांची. हाटकेशला प्लास्टिकच्या बरण्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आठ वर्षं डिस्पॅचचं काम बघत होती. राहायला भाईंदर पूर्वेला. नवरा नितीन रिक्षाचे पार्ट विकणाऱ्या दुकानात कामाला. आधी दोनदा पोटातलं मूल राहिलं नव्हतं. या खेपेला पाचव्या महिन्यापासूनच बीपी वर, पाय सुजलेले. डॉक्टर मॅडमनी सहाव्या महिन्यात सांगितलं, आता घरी आडवं पडायचं. तिनं शेठला चिठ्ठी दिली. शेठ म्हणाले, बेटी, आराम कर, नोकरी कुठे पळून जात नाही. कारखान्याची सगळ्या स्टाफसाठी एकत्र विमा पॉलिसी होती, त्यात बाळंतपण धरलेलं होतं. त्याच्या भरवशावर ती आमच्याकडे दाखल झाली. सातवा संपत आलेला, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर काजवे, लघवीतून प्रथिनं जातायत.

मी मंजुरीसाठी कागद पाठवले. दुपारी उत्तर आलं. नामंजूर. ही बाई दाखल होण्याआधीच नोकरी सोडून गेली आहे, पॉलिसीतून तिचं नाव काढलेलं आहे, सोबत राजीनाम्याची प्रत.

मी नितीनला बाजूला घेऊन सांगितलं. तो आधी हसला. त्याला वाटलं, नावाचा घोटाळा आहे. मग त्यानं प्रत बघितली आणि जिन्याच्या पायरीवर खालीच बसला. "सही तिचीच आहे," म्हणाला. "मॅडम, ती मला न सांगता असं करेल?" त्या घटकेला त्यालाही बायकोचा संशय आला. मी बघितलं ना त्याच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरत हजर. राजीनामा देऊनही जुनं कार्ड वापरलं, म्हणजे फसवणूक. ते तपासायला कंपनीनं पाठवलेलं. डॉक्टर मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. तिचं बीपी चढलं तर मी जबाबदार धरीन तुम्हाला, म्हणाल्या. घरत म्हणाले, "पाच मिनिटं. घड्याळ लावा." नितीनला आणि मेघनाच्या आईला बाहेर पाठवलं. खोलीत पडदे ओढलेले, ती डाव्या कुशीवर पडलेली. घरत उभेच राहिले.

"राजीनामा दिलात?"

"नाही."

"असं तुम्ही म्हणता. ही सही कोणाची?"

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. "माझी. पण हे पत्र माझं नाही."

"सही तुमची आणि पत्र तुमचं नाही?"

"शेठनी दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. पॉलिसी रिन्यू करायचीय, फॉर्म नंतर टाइप करतो म्हणाले. तुला परत यायला नको, या अवस्थेत."

"आठ वर्षं डिस्पॅचचे कागद बघता. बिलावर शिक्का नसेल तर ट्रक सोडता?"

"नाही."

"आणि स्वतःची सही कोऱ्या कागदावर करता?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काका, आठ वर्षं ते मला बेटी म्हणत होते हो."

"मी इथं कोणाचा काका न्हाय," घरत म्हणाले. 'न्हाय' ऐकून मी चमकले. "पत्रावर महिन्याची एक तारीख आहे. तुम्ही कामाला शेवटचं कधी गेलात?"

"त्याच महिन्याच्या अठरापर्यंत जात होते."

"पुरावा?"

"अंगठ्याचं मशीन आहे."

"ते शेठच्या ताब्यात. दुसरं?"

"मोबाईलवर मेसेज आहेत, ऑफिसचे."

"शेठ म्हणेल, नोकरी सोडली तरी मदत करत होती. दुसरं?"

ती विचार करत राहिली. तिला धाप लागत होती. मी घड्याळ बघितलं, साडेचार मिनिटं झाली होती. "गेटवर," ती म्हणाली, "सगळ्या गाळ्यांचं मिळून एक गेट आहे. तिथे वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करून आत जावं लागतं. लिफ्ट बंद होती तेव्हा तिवारी मला खुर्ची द्यायचा, जिना चढायच्या आधी बसायला."

घरतांनी काहीही लिहून घेतलं नाही. "ठीक आहे," म्हणाले आणि गेले. दुपारी तिचं बीपी चढलं. मॅडमनी माझ्यावर आवाज चढवला, त्या माणसाला आत का सोडलंस म्हणून. मला खात्री होती, तो तिला फसवणुकीत घालणार. सही तिची आहे, हे तिनं स्वतःच कबूल केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. पेशंटला भेटायचं नव्हतं. खुर्ची तिरकी केली, बसले.

"ताई, तुम्ही पत्र टाइप करता तेव्हा सही कुठे येते?"

"खाली. थोडी जागा सोडून."

"म्हणजे पत्र सहीसाठी जागा सोडतं. मी कारखान्यात जाऊन मूळ कागद मागितला. झेरॉक्स मी मानत न्हाय. देत नव्हते, मग दिला. त्या पत्रात वरच्या ओळी ऐसपैस आहेत आणि खालच्या चार ओळी अंग चोरून बसल्या आहेत. शेवटच्या शब्दाचं शेपूट तिच्या निळ्या शाईवर चढलंय. शाई आधी, छपाई नंतर." थांबले. आवाज खाली आणला. "गेटच्या रजिस्टरमध्ये अठरापर्यंत तिच्या सह्या आहेत. पण रजिस्टरं भिजतात, ताई. एकदा कोणी बघून गेलं की जास्तच भिजतात. आज कोणी जाऊन फोटो काढले तर निघतील. गरोदरपणी बाईला असं कामावरून काढता येत न्हाय, कायदा आहे. ठाण्याला कामगार खात्यात अर्ज घेतात. अर्ज द्यायचा तर पोच घेऊनच द्यायचा." उठले. "मी काही बोललो न्हाय."

नितीन बाहेर बाकावर बसला होता, माझ्यापासून दहा पावलांवर. मी उठून त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मला वाटलं, हा सापळा आहे. मोसंबी घेऊन मामा बनून आलेला माणूस तो. नवरा गेटवर गेला, रजिस्टर हातात घेतलं, की हा लिहील, पेशंटच्या नवऱ्यानं पुराव्यात ढवळाढवळ केली. नाहीतर तपासायला आलेला माणूस असं फुकट का सांगेल? शिवाय माझं नाव त्याच्याकडे जपून ठेवलेलं होतंच. संध्याकाळी मी घरी गेले, भाजी निवडली, मुलाचा अभ्यास घेतला, आणि मनात तेच. सकाळी कामावर येताना रिक्षात ठरवलं, सांगून टाकायचं. सांगितलं.

नितीन लगेच धावला. तासाभरात त्याचा फोन आला. "मॅडम, रजिस्टर नवीन आहे. कालपासूनचं. जुनं भिजलं म्हणतात."

त्याच दुपारी मेघनाचं बीपी खाली येईना. मॅडमनी सिझरचा निर्णय घेतला. मुलगी झाली. दीड किलो. रडली, पण मांजरीच्या पिलासारखं. तिला लगेच दुसऱ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं, कारण आमच्याकडे ती सोय नाही. मेघना इकडे, बाळ तिकडे, नितीन दोन्हींच्या मध्ये. आणि मी टेबलावर बसून, एका रात्रीच्या उशिराचा हिशेब कोणाला द्यायचा ते न कळून.

मग मी पहिल्यांदाच घरतांना स्वतःहून फोन केला. म्हटलं, "साहेब, मी त्याला उशिरा सांगितलं. रजिस्टर गेलं."

"का उशिरा?"

"मला वाटलं, तुम्ही सापळा लावताय."

पलीकडे मागे कुठेतरी भांडी वाजत होती. "बरोबर वाटलं," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं." मग म्हणाले, "तुम्ही लगेच सांगणार न्हाय, हे मी धरूनच चाललो होतो. तिवारीचा जबाब घेतलाय, त्याच्या सहीनिशी. दोन प्रती. एक माझ्या रिपोर्टाला, एक त्याच्या खिशात. त्याला सांगितलंय, बाईच्या नवऱ्याशिवाय कोणाला द्यायची न्हाय. नवऱ्याला आधार कार्ड घेऊन पाठवा. तो ओळख पटवल्याशिवाय देणार न्हाय, मी बजावलंय. आणि उद्या तिवारी गावाला जातोय, असं तो म्हणतो. म्हणजे कदाचित आजच जाईल."

मला रडावं की चिडावं कळेना. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून घरतांनी दुसरी वाट करून ठेवली होती, आणि त्या अविश्वासानंच आमचं निभावलं.

नितीन पुन्हा हाटकेशला गेला. तिवारी सामान बांधूनच बसला होता. आधार कार्ड उजेडात धरून बघितलं, नितीनचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "साहब बोले थे, फोटो मिलाना." मग बनियनच्या आतून चार घड्या केलेला कागद काढून दिला. "दीदी को बोलना, कुर्सी अभी भी उधरीच है."

ठाण्याला अर्ज गेला, पोच घेऊन. तीन सुनावण्या झाल्या. शेठ पहिल्या दोनला आले नाहीत. तिसरीला वकिलाला घेऊन आले आणि म्हणाले, गैरसमज झाला, स्टाफनं चुकीचा कागद पाठवला. राजीनामा रद्द झाला, पगारी रजा लागू झाली. त्याच्या कितीतरी आधी घरतांचा रिपोर्ट कंपनीत पोचला होता आणि मेघनाचा क्लेम पास झाला होता. बाळाच्या एनआयसीयूसाठी मात्र आम्हाला पुन्हा पुन्हा लिहावं लागलं. रिपोर्टात घरतांनी कुठेही 'बिचारी' वगैरे लिहिलं नव्हतं, असं मला कंपनीतल्या एकीनं सांगितलं. शेवटी फक्त एवढंच होतं, की सदर महिला त्या तारखेला नोकरीत होती, आणि तिनं कोऱ्या कागदावर सही करण्याचा निष्काळजीपणा केला आहे.

रजा संपल्यावर मेघना कामावर गेली. तिचं टेबल हलवून भंगार दळायच्या मशीनशेजारी ठेवलं होतं. शेठ आता तिला मॅडम म्हणायचे. चार महिने तिथे काढून तिनं दुसरीकडे नोकरी धरली. तिला घरतांना एकदा भेटायचं होतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "आणू नका. पेशंट आभार मानायला आला की मला वाटतं, माझ्या नजरेतून काय सुटलं?"

पण भेट झालीच. बाळाच्या लसीचा दिवस होता. मुलगी वर्षाची व्हायला आली होती. त्याच सकाळी घरत आले होते, आणि या वेळी आमच्याच विरुद्ध. एका केसमध्ये आम्ही पेशंटला गरजेपेक्षा दोन दिवस जास्त ठेवलं असा कंपनीला संशय होता. पुढे त्यांच्या रिपोर्टावरून आमची कॅशलेसची सोय सहा महिने बंद राहिली. ते येणार, हे मला आधी कळलं असतं तर मी मेघनाला दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं.

ती मुलीला कडेवर घेऊन आत आली आणि त्यांना बघून थबकली. घरतांनी ओळखलं. उठले नाहीत. ती पुढं होऊन वाकायला लागली तर पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग काही बोलायला हवं म्हणून विचारल्यासारखं म्हणाले, "वजन किती?"

"आठ किलोच्या वर आहे," मेघना म्हणाली.

"वर म्हणजे किती? कोणी केलं?"

सिस्टर हसल्या. "आत्ता करतोच आहोत, साहेब. या, बघा."

ते खरंच उठून गेले. काट्याच्या ताटलीत मुलगी बसेना. पाय झाडत होती, रडत होती, आकडा आठवरून नऊवर, नऊवरून सातवर उड्या मारत होता. घरत आकड्यावर डोळे लावून वाकले. तेवढ्यात मुलीनं हात टाकला आणि त्यांचं बोट पकडलं, घट्ट, आणि रडायची थांबली. आकडाही थांबला.

"साहेब, बोट सोडवून घ्या," सिस्टर म्हणाल्या. "धरलंय तोवर वजन बरोबर येणार नाही."

घरत बोटाकडे बघत होते. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तोंड उघडं, गालावर पाणी. बाहेर पुढचा नंबर पुकारत होते.

"असू दे," ते म्हणाले. "अंदाजे लिहा."